डीसीआयएम वर्षभर वापरल्यावर: शिळं रीडिंगही हिरवंच

डेटा सेंटरची वीज आणि तापमान यांवर लक्ष ठेवणाऱ्या आमच्या डीसीआयएम सॉफ्टवेअरच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) रिन्यूअलचं कोटेशन आलंय, म्हणून सही करण्याआधी हे लिहितोय. पॅकेजचं नाव देत नाही, कारण हाच दोष मी दुसऱ्या दोन ठिकाणीही पाहिलाय.

नवी मुंबईत महाप्याच्या आमच्या सर्व्हर हॉलमध्ये एका रॅकचं (सर्व्हरच्या कपाटाचं) इनलेट तापमान, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं, रात्रभर 23.4 अंशांवर होतं. आलेखाची रेघ एकदम सपाट. चालू रॅकचं तापमान असं कधीच राहत नाही, शंका आली ती तिथेच. रॅकसमोर हातातला थर्मामीटर धरला तर 31! अ‍ॅशरेची (वातानुकूलन क्षेत्रातल्या तज्ज्ञ संस्थेची) शिफारस 18 ते 27 ची, आणि स्क्रीनवर मात्र हिरवा ठिपका. पोलिंग (उपकरणाला ठरावीक वेळाने आकडा विचारणं) तुटलं की हे सॉफ्टवेअर शेवटचा आकडा धरून बसतं. रंग तोच, आणि आकडा कधीचा आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. अलार्म वाजणार तरी कशावर?

तिकीट टाकलं. उत्तर आलं, सेन्सर बदला. सेन्सर धडधाकट होता. तो ज्या पीडीयूला (रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीला) जोडलाय त्याच्या स्वतःच्या वेब पेजवर 31 च दिसत होते. शेवटी एसएनएमपीचे (सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने उपकरणांना आकडे विचारतं तिचे) लॉग आम्हीच उघडले. रॅकला वीज ए आणि बी अशा दोन वेगळ्या फीडवरून येते. सर्व्हिस इंजिनिअरने बी बाजूच्या पीडीयूचं कार्ड बदलताना ए बाजूची कॉन्फिग फाइल इंजिन आयडीसकट चढवली होती. एसएनएमपी व्ही3 मध्ये हा आयडी प्रत्येक उपकरणाचा वेगळा लागतो. दोघांचा एकच झाला की कलेक्टर (आकडे गोळा करणारा प्रोग्रॅम) एकाचा बूट काउंट (किती वेळा सुरू झालं तो आकडा) आणि घड्याळ दुसऱ्याला लावतो. बूट काउंट जुळला नाही किंवा वेळेत 150 सेकंदांहून जास्त फरक पडला की उपकरण विनंती फेटाळतं. आयडी बदलला, पासवर्ड पुन्हा टाकला (सुरक्षेची ‘की’ म्हणजे key पासवर्ड आणि त्या आयडीवरूनच बनते, हे विसरू नका), कलेक्टर रीस्टार्ट केला, आकडे सुरू.

त्या दिवशी मी एक स्टार दिला असता. पण पॉवरचा भाग खरंच उत्तम आहे. नेमप्लेटच्या (उपकरणावर छापलेल्या कमाल लोडच्या) हिशोबाने आमचे रॅक भरलेले होते. मोजलेला लोड बराच कमी निघाला आणि नवा रॅक भाड्याने घ्यायचा खर्च वाचला. ए आणि बी फीड प्रत्येकी 40 टक्क्यांच्या आत ठेवायचे, म्हणजे एक गेला तरी दुसरा 80 च्या वर जात नाही. हे फेजनुसार इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं काही मी वापरलेलं नाही. रिपोर्ट ठीक. मोबाइल अ‍ॅप नसलं तरी चालेल.

डेटाबेसकडे मात्र लक्ष ठेवा. दर मिनिटाचा इतिहास कायम साठवला की डिस्क भरते आणि पोलिंगच मागे पडतं. आम्ही तापमान पाच मिनिटांवर नेलं, जुना डेटा तासाच्या सरासरीत आणला.

सध्या एपीआयमधून (सॉफ्टवेअरमधला डेटा प्रोग्रॅमने काढायच्या सोयीतून) शेवटच्या पोलची वेळ काढणारी स्क्रिप्ट आम्हीच चालवतो. पंधरा मिनिटांपेक्षा जुनं काही दिसलं की मेल येतो. एवढे पैसे मोजून हे काम आम्ही का करायचं? प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळ आणि शिळ्या आकड्याला करडा रंग, हे लेखी मिळालं तर तीन वर्षांचं रिन्यूअल. नाहीतर एकाच वर्षाचं, आणि तेही नोड (जोडलेली उपकरणं) कमी करून.