ओइस्त्राख–ओबोरिन की ग्रुमिओ–हास्किल? बेथोव्हेनच्या व्हायोलिन सोनाटांचा संच निवडताना

बेथोव्हेनच्या व्हायोलिन आणि पियानोसाठीच्या दहाही सोनाटांचा (अनेक भागांच्या वाद्यरचनांचा) एकच संच संग्रही ठेवायचा असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांचा शोध बहुतेक वेळा दोन जोड्यांपाशी येऊन थांबतो. एक व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राख आणि पियानोवादक लेव्ह ओबोरिन यांची, १९६२ च्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची. दुसरी आर्थर ग्रुमिओ आणि क्लारा हास्किल यांची, १९५६-५७ च्या मोनो ध्वनिमुद्रणाची. पर्लमन आणि अ‍ॅश्केनाझी यांचा १९७० च्या दशकातला संचही निर्धोक आहे आणि तो घेणाऱ्यावर पस्तावण्याची वेळ येणार नाही. पण ज्यांना निवडच अवघड वाटते आहे, त्यांच्या मनात सहसा वरच्या दोन जोड्या असतात. माझ्याकडे दोन्ही संच आहेत आणि दोन्ही मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे.

व्हायोलिनवादकाची पारख तो मुख्य धून वाजवत असताना करावी, असा आपला स्वाभाविक कल असतो. नागपूरच्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात आपण व्हायोलिन ऐकतो ते तबल्याच्या साथीने, आणि त्याच सवयीने सोनाटा ऐकू लागलो की पियानो आपोआप साथीदार ठरतो. बेथोव्हेनच्या मनात मात्र तसे नव्हते. ओपस १२ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) च्या पहिल्या तीन सोनाटा छापल्या गेल्या त्या ‘हार्पसिकॉर्ड किंवा पियानोसाठी, व्हायोलिनसह’ अशा शीर्षकाने, म्हणजे मान आधी पियानोचा. म्हणून धून दुसऱ्याकडे असताना व्हायोलिनवादक काय करतो, हे मी आधी ऐकतो. बिस्मिल्ला खाँ आणि व्ही. जी. जोग यांची जुगलबंदी ज्यांनी मन लावून ऐकली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. शहनाई पुढे असताना जोगांचे व्हायोलिन कुठे थांबते आणि कुठे नुसता सूर धरून राहते, यातच निम्मा आनंद असतो.

ओइस्त्राख यांच्या सुराबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. भरदार, उबदार, गज बदलल्याची जाणीवही होऊ न देणारा असा तो सूर आहे, आणि संथ भागांत तो ऐकताना दुसरे काही नको वाटते. ओबोरिन हेही मोठे पियानोवादक; १९२७ च्या पहिल्याच शोपँ स्पर्धेचे ते विजेते. तरीही ‘स्प्रिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाचव्या सोनाटाच्या सुरुवातीलाच माझी अडचण होते. तिथे धून आधी व्हायोलिनकडे असते. दहा बार (तालाची आवर्तने) झाले की तीच धून पियानो घेतो, आणि तोवर पियानो देत होता तशी झुळझुळती साथ आता व्हायोलिनने द्यायची असते. ओइस्त्राख यांचा सूर साथ देतानाही इतका भरलेला राहतो की कान त्यांच्याकडेच जातो, आणि ओबोरिन मला तेवढा वेळ मागे राहिल्यासारखे वाटतात. त्यात नागपूरचा उन्हाळा. मार्चअखेरीस कूलर सुरू झाला की जूनपर्यंत तो बंद करण्याची सोय नसते. अशा वेळी स्पीकरचा आवाज वाढवावा तर व्हायोलिन अंगावर येते, कमी करावा तर पियानोचा डावा हात कूलरच्या घरघरीत बुडून जातो, आणि एकाच भागात दोन-तीनदा उठून आवाज लावण्याचा वैताग शेवटी संगीतावरच येतो. हा दोष वादनाचा, ध्वनिमुद्रणाचा की माझ्या खोलीचा, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. हेडफोनवर ऐकणाऱ्यांना ही तक्रार कदाचित जाणवणारही नाही.

ग्रुमिओ त्याच जागी सूर बारीक करतात, व्हायब्रॅटो (सुरावरचे कंपन) आवरतात, आणि हास्किल यांची धून कूलरच्या आवाजातूनही स्पष्ट ऐकू येते. ग्रुमिओ स्वतः उत्तम पियानो वाजवत, मोझार्टची के. ४८१ आणि ब्राम्सची ओपस १०० या सोनाटांतले व्हायोलिन आणि पियानो दोन्ही त्यांनी स्वतःच वाजवून ध्वनिमुद्रित केले आहेत. हास्किल याही लहानपणी व्हायोलिन शिकल्या होत्या. दुसऱ्याच्या वाद्याची अडचण आतून ठाऊक असलेली ही दोन माणसे आहेत आणि ते ऐकताना कळते, असे मला तरी वाटते.

मोनोची अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. दोन्ही वाद्ये एकाच जागेवरून येतात आणि पियानोच्या खर्जातल्या सुरांना ओइस्त्राख यांच्या संचातले वजन नाही. हास्किल १९६० च्या डिसेंबरमध्ये वारल्या, त्यामुळे या जोडीला हे काम स्टिरिओत पुन्हा करता आले नाही. ग्रुमिओ यांनी पुढे क्लाउडिओ अराउ यांच्यासोबत यातल्या काही सोनाटा स्टिरिओत वाजवल्या, पण दहाही नाहीत.

ज्यांना मुख्यतः ‘क्रॉइट्झर’ या नवव्या सोनाटासाठी संच घ्यायचा आहे, त्यांनी ओइस्त्राख घ्यावा, असे मी विनासंकोच सांगेन. ही सोनाटा जवळजवळ कन्सर्टोच्या (ऑर्केस्ट्रासोबत एकल वाद्याच्या रचनेच्या) शैलीत लिहिल्याचे बेथोव्हेननेच शीर्षकात नोंदवले होते, आणि एकट्या व्हायोलिनचे सुरुवातीचे चार बार ओइस्त्राख यांच्याइतक्या अधिकाराने वाजवलेले मी इतरत्र ऐकलेले नाहीत. मात्र तिच्याच दुसऱ्या भागातल्या पहिल्या व्हेरिएशनपाशी (मूळ धून बदलून मांडलेल्या रूपापाशी) माझे मत पुन्हा ग्रुमिओंकडे झुकते. तिथे सगळा पसारा पियानोचा आणि व्हायोलिनच्या वाट्याला एकाच सुराचे तुटक ठिपके येतात. ग्रुमिओ ते इतके हलके ठेवतात की ते हास्किल यांच्या वाक्यांची विरामचिन्हे होऊन जातात.

शक्य झाल्यास विकत घेण्यापूर्वी १८१२ सालच्या ओपस ९६ ची सुरुवात दोन्हीकडे लागोपाठ ऐकावी. व्हायोलिन एक छोटी ट्रिल (दोन लगतच्या सुरांची झपाट्याने होणारी आलटापालट) घेते आणि पियानो लगेच तीच परत करतो. ओइस्त्राख–ओबोरिन यांच्याकडे मला तो थोर गायक आणि त्याचा जाणता साथीदार यांच्यातला संवाद वाटतो. ग्रुमिओ–हास्किल यांच्याकडे तो बरोबरीच्या दोघांचा वाटतो, आणि माझ्या घरी अधिक वेळा लागतो तो हाच संच.