रात्री गरवायला हेडलँप: लुमेनआधी झाकण बघा

हेडलँपच्या खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा छापलेला असतो तो लुमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा. समुद्रावर सगळ्यात कमी उपयोगाचा आकडाही तोच. खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या कातळावर, बंद पडलेल्या दिव्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: सेलच्या कप्प्यात किंवा चार्जिंगच्या भोकात शिरलेलं खारं पाणी. म्हणून इथे दिवे त्या नजरेनं पाहिले आहेत: बाजारातला स्वस्त हेडटॉर्च, पेट्झल अ‍ॅक्टिक कोअर, ब्लॅक डायमंड स्पॉट ४०० आणि फेनिक्स एचएम६५आर. शेवटी थोडं कंदिलाविषयी.

प्रकाश किती लागतो ते आधी. गळाला आमिष लावायला आणि तंगुसाची (गळाच्या नायलॉन दोरीची) गाठ मारायला ५ ते २० लुमेन पुरतात. शेवाळलेल्या कातळावरून, कालवांच्या धारदार कडांमधून चालायला ८० ते १०० लुमेनचा पसरट उजेड हवा. लांबचा झोत दोनच कामांना लागतो: लाट कुठे फुटतेय ते बघायला आणि परतीची वाट शोधायला. त्याला २०० ते ४०० लुमेन, तेही मिनिटभर. त्याहून जास्त उजेड दमट हवेत आणि तुषारांवर आपटून डोळ्यांत परत येतो, कारण दिवा कपाळावर, डोळ्यांच्या लगेच वर असतो. अशा वेळी हातातली बॅटरी कमरेच्या उंचीवर धरून झोत टाकला तर जास्त लांबचं दिसतं.

आता दिवा किती वेळ चालायला हवा? ओहोटी साधारण सव्वासहा तासांची. पाण्यामागोमाग खडपावर उतरायचं, पाणी फिरलं की निघायचं, त्यात जाण्यायेण्याची वाट धरली तर ७ ते ८ तास. खोक्यावरचा ‘रनटाइम’ इथे फसवतो. एएनएसआय एफएल१ या प्रचलित मानकात प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. ४०० लुमेनचा दिवा ४० लुमेनवर येईपर्यंत तो ‘चालू’ धरलेला असतो. त्यापेक्षा हिशेब स्वतः करावा. चांगला एलईडी एका वॅटमागे साधारण १०० लुमेन देतो. ३००० मिलिअँपिअर-तासांचा १८६५० सेल (या आकाराचा रिचार्जेबल लिथियम सेल) ३.६ व्होल्टवर म्हणजे १०.८ वॅट-तास; १०० लुमेनवर नऊ-दहा तास निघतात. अ‍ॅक्टिकचा १२५० मिलिअँपिअर-तासांचा कोअर सेल म्हणजे सुमारे साडेचार वॅट-तास, चार तासांची सोय. रिचार्जेबल एएए आकाराचे तीन सेल, ७५० मिलिअँपिअर-तासांचे, जेमतेम पावणेतीन वॅट-तास देतात. म्हणजे छोट्या सेलच्या दिव्यासोबत सेलचा दुसरा संच न्यायलाच हवा, आणि तो अंधारात, ओल्या हातांनी बदलायचा आहे हे लक्षात ठेवायला हवं. १८६५० विकत घेताना ‘९९०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास) असं लिहिलेला सेल सरळ परत ठेवा. या आकाराचे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात आणि वजनाला साधारण ४५ ग्रॅम भरतात. हातात पोकळ, हलका लागला तर तो खोटा.

आता पाणी. दिवा किती पाणी सोसतो ते खोक्यावरचा आयपीएक्सचा आकडा सांगतो. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे सोसतो, एवढंच. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स८ म्हणजे त्याहून कठीण, किती खोल आणि किती वेळ ते कंपनीनं सांगायचं. या चाचण्या नव्या दिव्यावर, गोड्या पाण्यात होतात. मीठ वाळून झाकणाच्या रबरी रिंगेवर खडे धरतं, झाकण पुन्हा लावलं की ते खडे रिंग कापतात, आणि दुसऱ्या महिन्यापासून खोक्यावरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. दिवा घरी आणल्यावर एक साधी चाचणी करावी: सेल काढा, कप्प्यात टिश्यू पेपरची घडी ठेवा, झाकण लावा, बादलीत अर्धा तास बुडवा. कागद ओला निघाला तर तो दिवा परत करा.

स्वस्त हेडटॉर्च. भिंग पुढेमागे सरकवून झोत लहानमोठा करायचा, मागे सेलचा डबा, बाजूला चार्जिंगचं भोक आणि त्यावर रबराची टोपी. यातलं सरकणारं भिंगच मुळावर येतं. ते पुढे ओढलं की आत हवा खेचली जाते, आणि कडेला पाणी असेल तर हवेबरोबर तेही. डब्यातली स्प्रिंग पातळ मुलाम्याची, तिला पहिल्या काही रात्रींतच गंज धरतो. खाडीच्या धक्क्यावर, जिथे पाणी उडत नाही, तिथे चालेल. खडपावर जादा दिवा म्हणूनही नेऊ नये, कारण जादा दिव्याची गरज पडते तेव्हा सगळंच ओलं झालेलं असतं.

अ‍ॅक्टिक कोअर हलका आहे, लाल दिवा आहे, पसरट उजेड चांगला आहे, आणि कोअर सेल संपला तर एएए आकाराचे तीन साधे सेल बसतात. त्याची एक गोष्ट खास आवडण्यासारखी: चार्जिंगची जागा सेलवर आहे, दिव्याच्या अंगावर नाही. चार्ज करायला सेल बाहेर काढावा लागतो, याचा लोकांना कंटाळा येतो, पण समुद्रावर हाच फायदा आहे. अडचण आयपीएक्स४ ची. वाळूत उभं राहून किंवा जेटीवरून गरवणाऱ्यानं खुशाल घ्यावा. जिथे लाट अंगावर येते तिथे नको.

स्पॉट ४०० वर आयपीएक्स८ लिहिलेलं आहे, १.१ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ते वाचून निर्धास्त होऊ नये. सेलच्या कप्प्यात पाणी गेलं तरी दिवा चालतो, पण वापर झाल्यावर तो पूर्ण वाळवा, अशी कंपनीचीच सूचना आहे. नदीत पडला तर हे ठीक. खाऱ्या पाण्यात मात्र दिवा त्या रात्री चालतो आणि सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या आठवड्यानं हिरव्या पडतात. त्यामुळे परत आल्या आल्या कप्पा उघडून गोड्या पाण्यानं धुवायचा, हा नेम पाळणाऱ्यासाठीच हा दिवा. अल्कलाइन सेल आत ठेवून पावसाळाभर पेटीत टाकू नये. गळलेला सेल मिठापेक्षा लवकर पट्ट्या खातो.

एचएम६५आर या चौघांत उजेडाला सगळ्यात चांगला. झोत आणि पसरट दिवा वेगवेगळे, दोन बटणं वेगळी, १८६५० सेल बदलता येतो, आयपी६८ (पाण्याला आयपीएक्स८ सारखाच, शिवाय धूळही आत जात नाही). पण दोन गोष्टी खटकतात. लाल दिवा नाही. आणि अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे. मॅग्नेशियम हलकं असतं, पण नेहमीच्या वापरातल्या धातूंमध्ये खाऱ्या पाण्याला सगळ्यात लवकर बळी पडणारं तेच. वरचा थर शाबूत आहे तोवर काळजी नाही. कातळावर घासून ओरखडा गेला की तिथून पांढरी भुकटी सुटायला लागते. चार्जिंगची टोपी समुद्रावर उघडूच नये. सेल घरी, वेगळ्या चार्जरवर भरावा आणि त्या टोपीला हात लावू नये.

खडपासाठी खरी शिफारस मात्र वेगळ्याच घडणीची आहे: अ‍ॅल्युमिनियमची नळी, पिळून बसणारं एकच झाकण, आत १८६५० सेल, चार्जिंगचं भोक अजिबात नाही. झेब्रालाइटची एच६०० मालिका अशी आहे. ती बाहेरून मागवावी लागते आणि महाग पडते, म्हणून याच घडणीचा दुसऱ्या कंपनीचा मिळाला तरी घ्यावा. पाणी शिरायला जागाच एक, आणि तिचीच निगा राखायची.

लाल दिव्याविषयी. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झपक्यात ते सगळं जातं. मंद लाल उजेडात टिकतं. पण लाल उजेडात लाल तंगूस आणि लाल तरंगा दिसेनासा होतो, हे साहित्य घेतानाच ध्यानात ठेवावं. शिंगाळा किंवा पाकट गळाला लागली तर सोडवायला पांढराच दिवा लावा. माशाचा काटा कुठे आहे ते नीट दिसलंच पाहिजे. पांढरा झोत उथळ पाण्यावर फिरवू नये, मासा बिथरतो. पाण्याकडे पाठ करून आमिष लावायची सवय सगळ्यात बरी.

होडीवर नियम वेगळे. लाल दिवा म्हणजे होडीची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. डोक्यावर सतत लाल दिवा लावून बसलेला माणूस समोरून येणाऱ्या ट्रॉलरला चुकीची बाजू दाखवतो. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांप्रमाणे वल्ह्याच्या होडीत निदान एक पांढरी बॅटरी हाताशी तयार हवी, टक्कर टाळता येईल इतक्या वेळेआधी दाखवायला. ७ मीटरपेक्षा लहान आणि ७ नॉटपेक्षा जास्त न पळणाऱ्या इंजिनाच्या होडीवर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लागतो. हेडलँप त्याची जागा घेत नाही, मान वळली की तो दिसेनासा होतो. आणि इथे सांगितलेले दिवे बघण्यासाठी आहेत. मोठे एलईडी लावून मासे गोळा करण्याला केंद्र सरकारनं २०१७ मध्ये बंदी घातली आहे.

कंदील घ्यायचा तर एलईडीचा, आणि तो पाठीमागे, कातळाच्या आडोशाला, गुडघ्याच्या उंचीवर ठेवावा. सामान सापडतं, डोळे दिपत नाहीत. पेट्रोमॅक्सच्या तापलेल्या काचेवर तुषार उडाले तर काच तडकते, आणि वाऱ्यात मेंटल (तापून उजेड देणारी आतली जाळी) टिकत नाही.

परतल्यावर, स्पॉट सोडून बाकी कुठलाही दिवा झाकण बंद ठेवूनच गोड्या पाण्याच्या बादलीत पाचेक मिनिटं बुडवा, बटण दोन-चार वेळा दाबा, म्हणजे फटीतलं मीठ निघतं. डोक्याचा पट्टा काढून वेगळा धुवा. मीठ बसलेला पट्टा कधीच पुरता वाळत नाही. बाहेरून कोरडा झाल्यावरच झाकण उघडा, सेल काढा, पट्ट्या आणि आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. काळ्या रबरी रिंगेला बोटावर घेतलेल्या थेंबाएवढं सिलिकॉन ग्रीस पुरतं; जास्त लावलं तर वाळू धरते. रात्री झाकण लावण्याआधी रिंगेवरून एकदा बोट फिरवा, आणि वाळूचा एक कण जरी लागला तरी रिंग काढून पुसून मगच झाकण पिळा.