फायब्रोस्कॅन चोख, काउंटर बेकार

लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनची वेळ साडेसातची, नंबर लागला पावणेदहाला. समोरच्या गाड्यावर वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जिरावन, आणि मी रात्रीपासून उपाशी! या तपासणीला तीन तासांचा उपास पुरतो, हे आत गेल्यावर कळलं. जेवल्यावर लिव्हरकडे रक्त वाढतं आणि ते आहे त्याहून कडक दिसतं, म्हणून उपास. फोनवरच्या माणसाने सरळ 'रात्रभर' ठोकून दिलं होतं.

आतलं काम मात्र फर्स्टक्लास. उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांच्या मध्ये थंडगार जेल, मग प्रोबच्या (मशीनच्या हातातल्या दांड्याच्या) टिचक्या, कॅरमच्या सोंगटीला मारतो तशा. नीट लागलेल्या दहा मोजतात. दोन वाया गेल्या तर मशीनवरच्या पोरीने 'काका, हलू नका' म्हणत पुन्हा घेतल्या. माझं पोट बघता मोठा प्रोब लावावा लागला, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

कडकपणाचा आकडा आला 9.4 किलोपास्कल. डॉक्टर म्हणाले, आठच्या आत असता तर निश्चिंत, बाराच्या वर असता तर धावपळ, तुम्ही मधले.

आता तक्रार. रिपोर्टबरोबर काउंटरवरून 'लिव्हर डिटॉक्स'ची बाटली पुढे सरकली. साडेसहाशे रुपये. मी एकतीस वर्षं दवा बाजारात होलसेलची खाती लिहिली आहेत. विचारलं, आत काय आहे? 'नॅचरल है अंकल.'

अरे, फायब्रोसिस, म्हणजे लिव्हर कडक करणारा आजार, हा काही नळीतला कचरा नव्हे. लिव्हरमध्ये अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या स्टेलेट पेशी असतात. सतत इजा झाली की त्या कोलाजेन विणत सुटतात, तो व्रण. त्यावरच्या औषधांसाठी लोक वर्षानुवर्षं खपताहेत. अमेरिकेत रेसमेटिरोमची गोळी मार्च 2024 मध्ये मंजूर झाली, सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन ऑगस्ट 2025 मध्ये. दोन्ही चरबीमुळे झालेल्या मध्यम ते बऱ्याच पुढे गेलेल्या फायब्रोसिससाठी, सिरॉसिससाठी, म्हणजे व्रणांनी लिव्हर पार भरलेल्या शेवटच्या टप्प्यासाठी, नाही.

बायोटेकवाल्या पुतणीने याहून मजेदार गोष्ट सांगितली. एफजीएफ-21 हे प्रोटीन आपलं लिव्हरच बनवतं. ते बँकेच्या लॉकरसारखं दोन चाव्यांनी चालतं: एक रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं संदेश पकडणारं कुलूप, पुष्कळ ठिकाणी असतो, पण सोबतीला बीटा-क्लोथो नावाचं दुसरं प्रोटीन लागतं, आणि ते लिव्हर, चरबी अशा मोजक्या जागीच. म्हणून नेम बरोबर बसतो. पंचाईत एवढीच की ते रक्तात फार टिकत नाही. मग लिव्हरच्या याच आजारासाठीच्या एफ्रुक्सिफर्मिन नावाच्या नव्या औषधात त्याला अँटिबॉडीचा तुकडा जोडला, की आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं. त्याच्या मोठ्या चाचण्या घेतल्या जाताहेत, आणि इकडे काउंटरवर साडेसहाशेत लिव्हर धुऊन मिळतंय!

बाटली परत सरकवली. फी तीन हजार, पक्की पावती दोनदा मागितल्यावर. मशीन आणि पोरीला पाचपैकी पाच, काउंटरला एक. जाणार असाल तर सोमवार ते गुरुवार सकाळी जा, तिची ड्युटी तेव्हा असते.