पिसा की मिक्स: शिक्षणावरच्या प्रबंधासाठी डेटा निवडताना

शिक्षण आणि मानवी विकास असा जोडविषय घेतलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हे ठरवावं लागतं: मुलं काय शिकली हे दाखवायला डेटा कुठला घ्यायचा? आजच्या मानवी विकास निर्देशांकात शिक्षण येतं ते शाळेत काढलेल्या आणि पुढे काढता येतील अशा वर्षांच्या रूपात. त्या वर्षांत मुलाला वाचता येऊ लागलं का, हे दुसरीकडे शोधावं लागतं. अनेक देश एकत्र बघायचे असतील तर हात आपोआप दोन ठिकाणी जातो, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या पिसाकडे (PISA, पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय चाचणी) आणि युनिसेफच्या मिक्सकडे (MICS, घरोघरी होणारं सर्वेक्षण). मी प्रबंधाची सुरुवात पिसावर केली आणि तो पूर्ण केला मिक्सवर.

पिसाचं मला आजही कौतुक आहे. फाइल उतरवून घ्यायला परवानगी लागत नाही, तांत्रिक अहवाल सविस्तर आहेत, आणि २०२२ च्या फेरीत ८१ देश आणि अर्थव्यवस्था होत्या. मुख्याध्यापकांची वेगळी प्रश्नावली असते, त्यामुळे शिक्षकांची कमतरता, शाळेतली साधनं, वर्गातलं वातावरण हे सगळं मुलाच्या गुणांशी जोडून पाहता येतं. थोडी मेहनत घ्यावी लागते, कारण २०१५ पासून प्रत्येक मुलाला एकाच विषयात एक गुण नसून दहा संभाव्य गुण (plausible values, म्हणजे त्याच्या खऱ्या पातळीचे दहा अंदाज) दिलेले असतात. मी आधी त्या दहांची सरासरी काढून मोकळा झालो होतो. ते चूक आहे. विश्लेषण दहा वेळा करून निकाल एकत्र करावे लागतात, शिवाय प्रमाणत्रुटीसाठी, म्हणजे अंदाज किती चुकू शकतो हे काढायला, ८० पूरक भार (replicate weights; भार म्हणजे नमुन्यातलं एक मूल किती मुलांच्या जागी धरायचं तो आकडा) वापरावे लागतात. पण हे दोन-तीन आठवड्यांत अंगवळणी पडतं. त्यासाठी कुणी पिसा सोडू नये.

मी सोडलं ते वेगळ्या कारणाने. २०१२ मध्ये व्हिएतनाम पहिल्यांदा पिसात उतरला आणि कितीतरी श्रीमंत देशांच्या पुढे गेला. माझं एक अख्खं प्रकरण त्या यशावर उभं होतं. मसुदा वाचून मार्गदर्शक मॅडमनी एवढंच विचारलं, "यात शाळा सोडलेली मुलं कुठे आहेत?" मी फाइल पुन्हा उघडली. ती कुठेच नव्हती. पिसाची परीक्षा होते ती पंधरा वर्षांच्या आसपासच्या, शाळेत नाव असलेल्या आणि किमान सातवीत पोचलेल्या मुलांची. त्या वर्षी व्हिएतनामच्या नमुन्यात त्या वयाच्या दर १०० मुलांमागे साधारण ५६ मुलांचंच प्रतिनिधित्व होतं. बाकीच्यांबद्दल अंदाज बांधता येतो, आणि लोक बांधतातही, पण माझा प्रबंधच वंचित मुलांवर होता. ज्यांच्याविषयी लिहायचं तीच गृहीतकात ढकलायची, हे काही केल्या मनाला पटेना.

पिसाने विकसनशील देशांसाठी वेगळी आवृत्ती काढली, तीत शाळाबाह्य मुलांसाठीही एक भाग होता, हे सांगायला हवं. पण तो मोजक्याच देशांत झाला.

मिक्स घरापासून सुरू होतं. सहाव्या फेरीपासून त्यात ७ ते १४ वयाच्या मुलांची छोटी चाचणी आली, आणि मूल शाळेत जातं की नाही यावर ती अवलंबून नाही. एक लहान गोष्ट वाचायची, तिच्यावर तीन सरळ प्रश्न आणि दोन अर्थ लावायला सांगणारे. नव्वद टक्के शब्द बरोबर आणि पाचही उत्तरं बरोबर असतील तरच वाचनाचं मूलभूत कौशल्य धरतात. गणितात संख्या ओळखणं, दोनांतली मोठी सांगणं, बेरीज आणि आकृतिबंध. चाचणी इतकी सोपी आहे की तेरा-चौदा वर्षांच्या हुशार मुलांमधला फरक तिच्यात दिसतच नाही. शाळेच्या आतलंही फारसं काही कळत नाही.

तरीही शाळा सोडलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या ओळी मी पहिल्यांदा वेगळ्या काढल्या, तेव्हा बराच वेळ तशाच वाचत बसलो. गोष्ट किती वाचली, आई किती शिकलेली, घरची सांपत्तिक स्थिती, पाणी आणायला आणि घरकामाला आठवड्यात किती तास जातात, ऐकण्या-बघण्यात काही अडचण आहे का, सगळं एकाच मुलीच्या नावापुढे. म्हणजे नाव नसतंच, पण मला ती मुलगी दिसत होती. क्षमतांविषयी, म्हणजे माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं याविषयी, आपण जे सिद्धांतात वाचतो ते आकड्यांत इतक्या जवळून मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

त्रास आहेच. नोंदणी करून कारण लिहावं लागतं. फाइल एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या असतात. शिक्षणाच्या पातळ्यांचे संकेतांक देशागणिक बदलतात, आणि पाच देश एकत्र करताना माझा जवळजवळ महिना त्यातच गेला. ५ ते १७ वयोगटातलं घरातलं एकच मूल चिठ्ठीने निवडलेलं असतं, म्हणून त्या फाइलचा स्वतःचा भारच वापरायचा, घराचा नाही. चाचणी मुलाच्या भाषेत उपलब्ध नसेल तर ते मूल वाचनातून गळतं. अल्पभाषिकांवर काम करणाऱ्यांनी ही गळती आधी मोजावी.

तुमचा प्रश्न वर्गाच्या आतला असेल, शिक्षक किंवा शाळेच्या व्यवस्थापनाबद्दल असेल, तर पिसाच घ्या. मिक्स तिथे तोकडं पडेल. प्रश्न गरिबी, मुलींचं शिक्षण, अपंगत्व किंवा बालमजुरीकडे झुकणारा असेल तर, माझ्या अनुभवापुरतं बोलायचं तर, मिक्सकडे आधी बघावं. फक्त देश पक्का करण्यापूर्वी त्या देशाची प्रश्नावली उघडून बघा. वाचन-गणिताचा भाग घ्यायचा की नाही हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो, आणि माझ्या यादीतले दोन देश तिथेच गळले.