जुन्या एस५ पीएलसीचे सेकंडहँड स्पेअर: नऊ महिने वापरून झाल्यावर

आमच्या लाइनवर सीमेन्सचा एस५-११५यू हा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर, अजून कामावर आहे. एस५ ही मालिका १९७९ची. नव्वदच्या दशकात एस७ आला आणि ही पिढी हळूहळू कॅटलॉगमधून गेली. बदलायचा आहेच, पण सगळं पॅनेल नव्याने वायरिंग करण्याएवढा शटडाउन मिळेपर्यंत हाच चालवायचा. म्हणून चार नग मागवले: एक सीलबंद कोरा पॉवर सप्लाय, एक दुरुस्त केलेला पॉवर सप्लाय, एक वापरलेला सीपीयू (प्रोग्रॅम चालवणारं कार्ड) आणि एक इनपुट कार्ड (सेन्सर-स्विचचे सिग्नल आत घेणारं).

सीलबंद सप्लाय आठव्या दिवशी गेला. दुरुस्त केलेला आजही रॅकमध्ये आहे. खरेदी करताना मी नेमकी उलटी पैज लावली असती.

मुळात सप्लायची गरज का पडली, ते सांगतो. सुट्टीनंतर सकाळी पॅनेल ऑन केलं की सीपीयू स्टॉपमध्येच बसायचा, प्रोग्रॅम चालूच व्हायचा नाही. हीट गनने सप्लायला जरा ऊब दिली की उठायचा. एकदा चालू झाला की आठवडाभर तक्रार नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकत आले की त्यांचा ईएसआर, म्हणजे आतला रोध, वाढतो, आणि थंडीत आणखी वाढतो. ऑसिलोस्कोप लावला तर पाच व्होल्टच्या लाइनवर रिपलची, म्हणजे व्होल्टेजच्या चढउताराची, करवत दिसत होती. इतकी वर्षं रात्रंदिवस चाललेल्या नगाला यात नावं ठेवण्यासारखं काही नाही.

आता तो 'कोरा' नग. खोका सुंदर, सील शाबूत. पण आत कपॅसिटरवरचा डेट कोड (बनवल्याच्या तारखेचा आकडा) नव्वदच्या दशकातला. कपॅसिटर नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतोच. व्होल्टेज नसेल तर त्याच्या आतला ऑक्साइडचा थर विरत जातो, मग एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की लीकेज करंट वाढतो आणि तो तापतो. आमच्या नगाचं झाकण उघडलं तेव्हा मासळीसारखा वास आला आणि बोर्डावर चिकट डाग दिसला. चूक माझीही आहे. शेल्फवरून काढून थेट रॅकमध्ये घालायला नको होता. डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज चढवा, असं बरेचजण सांगतात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायला ते चालतं. हा स्विचिंग आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटने आउटपुट ठरलेलं ठेवणारा. इनपुट कमी मिळालं तर तो उलट जास्त करंट ओढतो. त्यापेक्षा सरळ कपॅसिटर बदलावेत. विक्रेत्याचं उत्तर मात्र ऐकण्यासारखं होतं: "सील तुम्ही तोडलंय, परत घेता येणार नाही."

दुरुस्त केलेल्या नगासोबत लोड टेस्टचा कागद होता: किती अँपिअरवर किती तास चालवला, रिपल किती. सगळे इलेक्ट्रोलिटिक बदललेले, ८५ डिग्रीवाल्यांच्या जागी १०५ डिग्रीचे. तापमान १० डिग्रीने उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, या ढोबळ हिशेबाने हा फरक मोठा आहे. सोल्डरिंगही नीट, फ्लक्स पुसलेला. आता मी स्पेअर घेताना 'नवीन आहे का' हे विचारतच नाही. लोडवर कधी आणि किती वेळ चालवला, ते विचारतो.

सीपीयूमध्ये कुणाचा तरी प्रोग्रॅम जसाच्या तसा निघाला! बहुधा कसल्या तरी कन्व्हेयरचा. ओव्हरऑल रिसेट करून, म्हणजे मेमरी पूर्ण पुसून, आमचा टाकला. त्याआधी केबलने दोन दिवस खाल्ले. पीजी पोर्ट (प्रोग्रॅम टाकण्या-वाचण्याचा) १५ पिनांचा आणि २० मिलिअँपिअर करंट लूपचा असतो, साधा सीरियल कन्व्हर्टर तिथे चालत नाही. पहिली स्वस्त केबल अर्ध्या ट्रान्सफरमध्ये लिंक सोडायची. दुसरी चांगली निघाली. जुन्या सीपीयूमधून प्रोग्रॅम वाचून घेतला, पण त्यात कॉमेंट आणि सिम्बॉल येत नाहीत, ते फक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या फाइलमध्ये असतात. आमची मूळ फ्लॉपी कधीच वाचेनाशी झाली होती. कुठला इनपुट कशाचा, हे आता ड्रॉइंग आणि टॉर्च घेऊन शोधत वहीत उतरवतोय.

इनपुट कार्ड ४३० नंबरचं मागवलं होतं, आलं ४२०. "दोन्ही ३२ इनपुटचीच, २४ व्होल्टचीच," असं फोनवर समजावलं गेलं. पण ४३० आयसोलेटेड आहे, म्हणजे बाहेरच्या वायरिंगपासून आतलं सर्किट विजेने वेगळं ठेवणारं; ४२० तसं नाही. सुदैवाने कार्डाच्या पाठीमागच्या कोडिंगच्या खुंटीमुळे (चुकीचं कार्ड बसू नये म्हणून असलेल्या) ते त्या जागी बसलंच नाही. खुंटी कापून बसवणारे लोकही मी पाहिलेत.

आता दर तीन महिन्यांनी शेल्फवरचे नग बेंचवर लोड देऊन काही तास चालवतो आणि मोठ्या शटडाउनला रॅकमधल्याशी अदलाबदल करतो. कॉन्टॅक्ट पुसायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), पिशवी अँटिस्टॅटिक, वर तारखेची चिठ्ठी. बाकी कसरत नाही.

एक फजिती राहिली. सप्लायवर 'बॅटरी लो'चा दिवा लागला, आणि रात्रपाळीच्या गड्याने सुरक्षेच्या सवयीने आधी मेन स्विच पाडला, मग सेल बदलला. मेन बंद असताना रॅममधलं सगळं त्या सेलवरच टिकतं, त्यामुळे रॅम कोरी. ईप्रॉमच्या मॉड्यूलमधून (वीज नसतानाही मजकूर टिकवणाऱ्या मेमरीतून) प्रोग्रॅम परत आला, पण सेटिंग्जचे आकडे गेले. ते लॉगबुकातून एकेक टाइप करत सकाळ झाली. त्याला कोणी काही बोललं नाही; शिकवलं तरी कोणी होतं? पॅनेलच्या दाराला आतून आता लाल स्केचपेनने लिहिलंय: 'सेल बदलताना सप्लाय चालूच ठेवा.' अक्षर त्याचंच आहे.