गटसाधन केंद्रातील संसाधन कक्ष: एका पालकाचा अनुभव
माझी मुलगी अल्पदृष्टी असून गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत शिकते. बीड जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील, म्हणजे तालुक्यातील शाळांना शैक्षणिक साहाय्य देणाऱ्या सरकारी केंद्रातील, संसाधन कक्षात (दिव्यांग मुलांना विशेष मदत मिळते ती खोली) आम्ही वर्षभर जात आहोत.

येथील विशेष शिक्षिकेने पहिल्याच भेटीत मुलीला किती कमी दिसते यापेक्षा किती आणि कसे दिसते, हे तपासले. त्यानंतर शाळेत येऊन त्यांनी वर्गशिक्षकांना सुचवले, की तिला पहिल्या बाकावर, पण खिडकीकडे पाठ करून बसवावे, फळ्यावर लिहिताना प्रत्येक ओळ मोठ्याने उच्चारावी आणि तिच्या वहीवर काळ्या जाड रेघा आखून द्याव्यात. या उपायांना खर्च जवळपास नाही. मग इतकी वर्षे ते कोणालाच का सुचले नाहीत, हा प्रश्न मला अजून पडतो. पुस्तक तिरपे ठेवण्यासाठी सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी घोडीमुळे तिची मानदुखीही कमी झाली.

उणिवा मात्र आहेत. मोठ्या अक्षरांतील पाठ्यपुस्तके दिवाळीनंतर हाती आली. एका शिक्षिकेकडे अनेक शाळा असल्याने त्यांच्या शाळाभेटी लांबणीवर पडतात, आणि कक्षात आठवड्याला एसटीने जायचे म्हणजे आमचा मजुरीचा एक दिवस बुडतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांसारख्या सवलतींची तरतूद आहे, ही माहितीही आम्हाला याच कक्षात मिळाली. शाळेने ती कधी सांगितली नव्हती.