टिकी शैलीची हाती कोरलेली पाटी: पंचवटीतील एका कारखान्याचा अनुभव

देव्हारे, चौरंग आणि दारांच्या चौकटी कोरून देणाऱ्या पंचवटीतील एका छोट्या कारखान्याकडून मी मेहुण्यांना भेट देण्यासाठी टिकी शैलीची लाकडी पाटी करून घेतली. मेहुण्यांनी गंगापूर रस्त्यावरील घराच्या गच्चीवर बांबूचे तट्टे लावून बसायची जागा केली आहे आणि तिथे ‘गच्चीवरचा अड्डा’ अशी पाटी शोभेल, असे घरात सर्वांचेच मत होते. ऑनलाइन मिळणाऱ्या तयार पाट्या बहुधा मशीनवर कापलेल्या आणि इंग्रजी मजकुराच्या असतात, त्यामुळे त्यांचा विचार केला नाही.

टिकी म्हणजे पॉलिनेशियातील, लाकडात किंवा दगडात कोरलेली मानवाकृती. माओरी परंपरेत टिकी हा पहिला मानव मानला जातो. आज सजावटीत जिला टिकी शैली म्हणतात, ती मात्र १९३० च्या दशकापासून कॅलिफोर्नियातील ‘डॉन द बीचकोंबर’ आणि ‘ट्रेडर व्हिक्स’ यांसारख्या उपाहारगृहांनी रूढ केली. आमच्या कारागिरांनी हे काम पूर्वी कधी केलेले नव्हते आणि त्यांनी तसे सरळ सांगितले. त्यांनी काढलेले पहिले रेखाटन पाहिले, तर ते चक्क देवळाच्या उंबरठ्यावरचे कीर्तिमुख होते: बटबटीत डोळे, सुळे आणि भोवती वेलबुट्टी. टिकीचा चेहरा याहून ठोकळेबाज असतो. भुवया जाड, नाक चपटे, तोंड रुंद, आणि नक्षीपेक्षा खोल खाचांवर भर. छायाचित्रे दाखवल्यावर त्यांनी वेलबुट्टी पुसली आणि दुसरे रेखाटन केले, ते नेमके जमले. डोळ्यांभोवतीचे पटाशीचे घाव त्यांनी काचपेपरने घासून न काढता तसेच ठेवले, हा निर्णय त्यांचा आणि तो मला सर्वांत आवडला, कारण उजेड बाजूने पडला की चेहरा त्या घावांमुळेच उठून दिसतो.

खरा कस लागला तो अक्षरांत. उठावाची अक्षरे कोरायची असतील, तर लाकडाच्या रेषा आडव्या असताना शिरोरेषा मजबूत राहते, पण काना आणि इतर उभे दांडे रेषांना छेदून जात असल्यामुळे बारीक ठेवल्यास सहज तुटतात. ‘गच्चीवरचा’ या एका शब्दातच असे दांडे अनेक आहेत आणि ‘ड्ड’ या जोडाक्षरात तर दोन्ही वळणांमधली जागा इतकी अरुंद होते की तिथून ढलपा उडण्याची भीती असते. कारागिरांनी उभे दांडे मुद्दाम जाड केले, ‘ड्ड’ एकाखाली एक न लिहिता हलन्त देऊन शेजारी शेजारी घेतला आणि शिरोरेषेला बांबूच्या कांड्यांचा आकार दिला. हलन्ताची सूचना मला सुरुवातीला रुचली नव्हती, परंतु तयार पाटी पाहता त्यांचेच म्हणणे योग्य होते.

लाकडासाठी पाइनवुड, आंबा आणि जुने सागवान असे तीन पर्याय होते. पाइन मऊ आणि स्वस्त, आंब्याला कीड लवकर लागते. म्हणून पाडलेल्या वाड्यातील सागवानाची दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड इंच जाड फळी निवडली. असे लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने वाकण्याचा धोका कमी असतो. एका कोपऱ्यात जुन्या खिळ्याचे भोक आणि त्याभोवती काळपट डाग आहे. तो झाकू नका, असे मीच सांगितले. कोरीव काम झाल्यावर खोलगट भाग ब्लोटॉर्चच्या ज्योतीने जाळून काळा केला आणि तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासला.

तक्रारी दोन आहेत. सांगूनही पाटीवर चकचकीत पॉलिश मारण्यात आले, जे देव्हाऱ्याला चालते, पण या शैलीला अजिबात शोभत नाही; ते उतरवून जवसाचे तेल लावून घेण्यात ठरलेली तारीख उलटून गेली. शिवाय टांगण्यासाठी काथ्याची दोरी आणि बारीक हूक दिले होते. नाशिकच्या पावसात उघड्या गच्चीवर काथ्या टिकणार नाही आणि फळीचे वजन पाहता ते हूकही पुरेसे वाटले नाहीत, त्यामुळे मागे पितळी पट्ट्या मी वेगळ्या बसवून घेतल्या.

साडेचार हजार रुपये ही रक्कम मशीनवरच्या पाटीच्या तुलनेत जास्त आहे, पण लाकूड आणि हातचे काम पाहता मला ती रास्त वाटली. काम द्यायचे असल्यास मजकूर कागदावर प्रत्यक्ष मापात लिहून न्यावा, पॉलिश कोणते हवे ते पावतीवर नोंदवून घ्यावे आणि श्रावणाच्या आधीच जावे, कारण पुढे गणपतीच्या मखरांची कामे सुरू झाली की हे कारागीर दुसरे काहीच हाती घेत नाहीत.